पुण्याची थंडी आणि जुना बंगला: आधी ओल घालवा, मग उबेचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला १९८५च्या सुमारास बांधलेला बंगला, तळमजला आणि वर एक मजला. उत्तरेकडच्या खोलीत ८४ वर्षांच्या सासूबाई झोपतात, गेल्या थंडीत त्यांना फार त्रास झाला. डिसेंबरात मुलगी बाळंतपणाला माहेरी येणार आहे. म्हणून दिवाळीआधी घर आतून रंगवून घ्यायचं, दोन हीटर आणायचे आणि गच्चीवरचा सोलर थंडीत नीट चालत नाही म्हणून बाथरूममध्ये गॅस गीझर बसवायचा, असा बेत आहे. हे ठीक आहे का, आणि आणखी काय करायला हवं?

ताई, तुमच्या बेतातला रंग पुढे ढकला, बाथरूमच्या आत गॅस गीझर बसवूच नका, आणि हीटर दोनाऐवजी एकच घ्या. पुण्यात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. थंडीच्या तयारीत लोकांचा पैसा नेमका या तीन गोष्टींत जातो आणि घर मात्र गारच राहतं.

आधी आपली थंडी कशी आहे ते बघू. पुण्याचा पारा १७ जानेवारी १९३५ला १.७ अंशांपर्यंत उतरला होता, पण तसं क्वचित होतं. एरवी जानेवारीत पहाटे ११-१२ अंश असतात, लाट आली की शिवाजीनगरला दहाच्या खाली आणि पाषाणकडे त्याहूनही खाली जातात. पण त्याच दिवशी दुपारी बाहेर २८-३० अंश असतात. म्हणजे दिवसभर दारात फुकटची ऊब उभी असते. आपल्याला घर तापवायचं नसतं. दुपारची ऊब आत घ्यायची, ती पहाटेपर्यंत धरून ठेवायची, एवढंच काम. आणि ती धरते भिंत. ओली भिंत ती धरू शकत नाही.

माठ कसा पाणी गार ठेवतो, तसंच ओल्या भिंतीचं. आतलं पाणी हळूहळू उडत राहतं आणि उडताना भिंतीची ऊब घेऊन जातं. शिवाय विटेच्या छिद्रांत हवेऐवजी पाणी भरलेलं असलं की आतली उष्णता भराभर बाहेर निघून जाते. उत्तरेच्या भिंतीवर थंडीत ऊन पडतच नाही, त्यामुळे पावसाळ्यात मुरलेलं पाणी तिथे सगळ्यात जास्त दिवस राहतं. सासूबाईंची खोली उत्तरेची आहे म्हटल्यावर मला पहिली शंका हीच आली.

खात्री करून घ्यायला कोणाला बोलवायची गरज नाही. दीड-दोन फूट चौरस पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून संशयित जागी भिंतीवर घट्ट बसवा. दोन दिवस तसाच ठेवा. मग बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव साचलं असेल तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला साचलं असेल तर भिंत कोरडी आहे आणि खोलीतल्या हवेतच दमटपणा आहे. बाथरूमची वाफ, आत वाळत घातलेले कपडे ही त्याची कारणं. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून हे आधी करा. जमिनीपासून फूटभर उंचीवर, मध्यावर आणि खिडकीच्या खाली असे तीन तुकडे लावलेत तर पाणी कुठून येतंय तेही कळतं.

फक्त खालीच ओल दिसली, रंगाचे पोपडे सुटलेत आणि पांढरा खार फुटलाय, तर पाणी जोत्यातून वर चढतंय. बाहेर जाऊन बघा, त्या भिंतीला लागून बागेचा वाफा आहे का? कोथरूडच्या जुन्या बंगल्यांत हटकून असतो. माती जोत्याच्या वर चढलेली असते आणि रोज संध्याकाळी तिथेच पाइप सोडलेला असतो. ती माती भिंतीपासून दोन-अडीच फूट मागे ओढा, जोतं मोकळं करा आणि तिथे भिंतीपासून बाहेर उतार असलेला कोबा करून घ्या. खर्च फार नाही, पण सगळ्यात गुण येतो तो यालाच. ओल खिडकीखाली असेल तर चौकट आणि भिंत यांमधली फट आणि बाहेरच्या पट्टीचा उतार तपासा. पट्टी आत उतरती असली की पावसाचं पाणी सरळ भिंतीत जातं.

आता रंगाचं. मान्सून पुण्यातून साधारण ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास माघार घेतो. दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. मधे भिंतीला वाळायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. विटांची भिंत इंचाला महिना या ढोबळ हिशेबाने वाळते. तुमच्या बाहेरच्या भिंती नऊ इंची असणार, त्या दोन्ही बाजूंनी वाळल्या तरी चार-साडेचार महिने लागतात. त्यावर दिवाळीच्या घाईत पुट्टी आणि प्लास्टिक इमल्शन मारलंत की पाणी आत कोंडतं, भिंत थंडीभर गार राहते आणि होळीच्या सुमारास नवाकोरा रंग पापडासारखा सुटतो. ज्या भिंती कोरड्या निघतील त्या खुशाल दिवाळीआधी रंगवा. उत्तरेची भिंत आतून सध्या खरवडून ठेवा, सुटलेले पोपडे आणि भुसभुशीत गिलावा काढून टाका आणि तशीच उघडी राहू द्या. दिवाळीत पाहुण्यांना ती बरी दिसणार नाही, हे मला कळतं. पण तिला रंग फेब्रुवारीतच लावा. घाईच असेल तर चुन्याचा हात द्या, त्यातून भिंतीला श्वास घेता येतो. मधल्या काळात कपाट आणि पलंग तिच्यापासून चार-पाच इंच दूर ठेवा, म्हणजे मागे बुरशी धरणार नाही.

मात्र भिंत वाळायची वाट बघत सासूबाईंनी त्या खोलीत आणखी एक हिवाळा काढावा, असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना दक्षिणेच्या किंवा नैर्ऋत्येच्या खोलीत हलवा. कारण सूर्य. २१-२२ डिसेंबरला पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरंच आतपर्यंत येतं. उन्हाळ्यात हीच खिडकी सावलीत असते, कारण मेच्या मध्याला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. पश्चिमेच्या भिंतीचा गुण वेगळा. दुपारी खाल्लेलं ऊन जाड विटांची भिंत पाच-सहा तासांनी आत सोडते, म्हणजे ऐन झोपायच्या वेळी. तुमच्या घरात ती जागा हॉलची असेल तर तीन महिने हॉल उत्तरेला न्या. बसायला येणारे तासाभराने उठून जातात, झोपणाऱ्याला तिथे रात्र काढायची असते. वरच्या मजल्याचा मोह मात्र टाळा. निरभ्र रात्री गच्चीचा स्लॅब आकाशाकडे उष्णता सोडून देतो आणि पहाटे तोच छतातून गारवा देतो. शिवाय जिना. तळमजल्यावरच्या खोल्यांना वरच्या मजल्याचं पांघरूण असतं.

खिडक्यांची वेळ पाळणं हा यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. लोक पहाटे ताजी हवा म्हणून खिडक्या उघडतात. थंडीत पुण्यात पहाटे गार हवा जमिनीलगत बसलेली असते, वरच्या उबदार हवेच्या थराखाली कोंडलेली. रस्त्यावरचा धूर, कोपऱ्यावरची शेकोटी, जाळलेला पालापाचोळा, सगळं त्या थरात अडकतं. ऊन चढल्यावर तो थर मोडतो. म्हणून दहाच्या सुमारास सगळ्या खिडक्या उघडा, पडदे पूर्ण बाजूला सारा, आणि पाचच्या आत मिटा. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि पाठोपाठ डास येतात. जानेवारी-फेब्रुवारीत नदीत जलपर्णी माजली की कर्वेनगर, एरंडवण्याकडचे लोक काय सोसतात ते तुम्हाला ठाऊकच असेल. मिटल्यावर जाड पडदे ओढा. पडदा खिडकीच्या कठड्यापर्यंतच न ठेवता जमिनीपर्यंत हवा, नाहीतर काचेवर गार झालेली हवा खालून खोलीत उतरत राहते.

फटींचं काम सुताराला दोन दिवसांचं आहे. जुन्या सागवानी खिडक्या असतील तर काचेची लांबी, म्हणजे पुट्टी, वाळून पडलेली असते, ती नव्याने भरून घ्या. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या असतील तर दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथली मऊ ब्रशपट्टी झिजलेली असते. मीटरवर मिळते, जुनी ओढून काढायची आणि खाचेत नवी सरकवायची. पण रुळाला खाली बाहेरच्या बाजूने जी छोटी भोकं असतात ती बुजवू नका, पावसाचं पाणी तिथूनच जातं. दाराखाली पट्टी लावा. आणि पावसाळ्यात फुगलेलं दार आता घासत असेल तर इतक्यात रंधा मारू देऊ नका. डिसेंबरात हवा कोरडी झाली की लाकूड आपोआप आक्रसतं. आत्ता रंधा मारला तर तेव्हा बोटभर फट पडेल. स्वयंपाकघराची झरोक्याची जाळी आणि झोपायच्या खोलीतला वरचा एक झरोका मात्र कायम उघडा राहू द्या. सगळंच घट्ट बंद करणं हा थंडीवरचा उपाय नव्हे.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो, तो गॅस गीझर. ताई, याबाबत माझं म्हणणं ठाम आहे. गॅस गीझरमधली ज्योत बाथरूममधलाच प्राणवायू वापरते. दार बंद, थंडी म्हणून खिडकीच्या काचाही बंद, आत वाफ. काही मिनिटांत हवा अपुरी पडते आणि गॅस अर्धवट जळायला लागतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि कडी काढायचं सुचायच्या आत तो खाली पडतो. अशा बातम्या दर थंडीत येतात. पोटातल्या बाळाला आणि ८४ वर्षांच्या हृदयाला हा वायू आणखी लवकर बाधतो. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दाराखालून किंवा जाळीतून हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता फिरतो.

गॅस गीझर हवाच असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा मागच्या मोकळ्या पॅसेजमध्ये लावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा. भाड्याच्या घरात आधीच आत बसवलेला असेल, तर दार उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गीझर आणि सिलिंडरचा कॉक दोन्ही बंद करायचे, मग आत जायचं. यात पळवाट काढू नये.

तुम्हाला मात्र त्याची गरजच पडू नये, कारण सोलर आहे. तो बदलायच्या आधी तपासून घ्या. थंडीत सोलर कमी चालण्याचं पुण्यातलं सर्वांत मोठं कारण म्हणजे सावली. तुम्ही सोलर बसवला तेव्हा दक्षिणेला शेजाऱ्यांचा बंगला असेल, आज तिथे पार्किंग आणि वर चार मजले उभे असतील. डिसेंबरात भर दुपारी सावली इमारतीच्या उंचीच्या जवळपास पडते आणि सकाळी साडेनवाला उंचीच्या पावणेदोनपट. उन्हाळ्यात हे लक्षात येत नाही. एका मोकळ्या दिवशी दहा, बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन सावली कुठवर येते ते खडूने आखून ठेवा. नळ्यांवर येत असेल तर स्टँड गच्चीच्या उत्तरेच्या कडेला सरकवला की बऱ्याचदा काम भागतं. तोंड दक्षिणेलाच हवं आणि उतार तीसेक अंशांचा, म्हणजे थंडीतलं तिरपं ऊन सरळ पडतं.

मग नळ्या बघा. काचेच्या नळीच्या खालच्या टोकाला आतून चंदेरी लेप असतो. तो दुधी पांढरा झाला असेल तर त्या नळीतली पोकळी गेली, ती बदलायची. चांगली नळी भर उन्हातही बाहेरून हाताला गार लागते, बिघडलेली गरम लागते. आतली उष्णता बाहेर पडतेय, त्याचीच ही खूण. नळ्यांवर धूळ बसली असेल तर पंधरा दिवसांनी एकदा धुवा, पण सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकते. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर आत क्षारांचा थर धरलेला असतो, तो जाणकाराकडून काढून घ्या. आणि पाइप! गच्चीवरून तळमजल्यापर्यंत वीस मीटर पाऊण इंची पाइप असेल तर त्यात सहा लिटर पाणी उभं असतं. पहाटे ते गार झालेलं असतं आणि रोज मोरीत जातं. पाइपावर फोमची नळी चढवा, उघड्यावरच्या भागाला वरून टेप गुंडाळा, नाहीतर उन्हाने फोमचा चुरा होतो. सोलर चालू अवस्थेत असेल तर पुणे महापालिका मालमत्ता करात सवलत देते, तीही आपल्या बिलात लागली आहे का बघा.

ढगाळ दिवसांसाठी १५ लिटरचा विजेचा गीझर पुरे. दोन किलोवॅटचा गीझर तेवढं पाणी वीसेक मिनिटांत तापवतो, रात्रभर चालू ठेवायचं कारण नाही. खरा प्रश्न तुमच्या वायरिंगचा आहे. १९८५च्या घरात बाथरूमच्या पॉइंटला अर्थिंग आहे का, हे आधी तपासून घ्या. गीझरला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मोठा १६ अँपिअरचा प्लग आणि मुख्य पॅनेलमध्ये ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा खटका), इतकं नसेल तर गीझर लावू नका. आरसीसीबीवर एक छोटं टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला पाहिजे. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात म्हणून प्लंबर ते तोंड बंद करून द्यायला निघतो, त्याला करू देऊ नका. आत दाब वाढला की वाफेला तीच एक वाट असते. आणि बादलीत सोडायचा रॉड घरात ठेवूच नका.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल. तुमच्याकडे शेक-शेगडी करणार असाल तर ती करा, आई-आजीच्या हातचा तो शेक मुलीला हवाहवासा वाटतो. ओवा, शेपा, वावडिंगाची धुरीही देतील. पण कोळशाच्या निखाऱ्यांतून तोच कार्बन मोनॉक्साइड निघतो. धूर संपून निखारे लालबुंद झाले की लोकांना वाटतं आता काही नाही, आणि नेमकी तीच शेगडी पलंगाखाली सरकवून दार लावून घेतलं जातं. शेक पडवीत किंवा दोन दारं उघडी असलेल्या खोलीत दुपारी घ्या, संपला की शेगडी अंगणात नेऊन पाण्याने विझवा. बाळाला धुरात धरू नका. रात्री झोपायच्या खोलीत निखारा नको, कुठल्याही कारणाने नको.

ऊब हवी तर तेलाचा हीटर घ्या, ज्याला उभ्या पात्या असतात. तो हवा फार कोरडी करत नाही, लाल तार उघडी नसते आणि थर्मोस्टॅटवर आपोआप बंद होतो. झोपण्याआधी अर्धा तास आणि पहाटे बाळाच्या आंघोळीआधी, एवढाच वापरा. त्यावर लंगोट वाळत घालू नका आणि एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, दोन किलोवॅटला ९ अँपिअर लागतात आणि बाजारातले हलके बोर्ड तिथे वितळतात. असे दोन हीटर आणि गीझर जुन्या वायरिंगवर एकदम चालले तर फ्यूज जाईल, किंवा न जाता वायर तापत राहील, ते जास्त वाईट.

बाकी किरकोळ. गाद्या, रजया, गोधड्या आत्ताच ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन-तीन दिवस दहा ते तीन टाका, कापूस दबला असेल तर पिंजून घ्या. डांबरगोळ्यांच्या वासाचे कपडे बाळाजवळ नकोत, ते आधी धुवून वाळवा. फरशी शहाबादी असो की टाइल्स, पहाटे ती पायाला झोंबते. पलंगापासून बाथरूमपर्यंत सतरंजी किंवा काथ्याची चटई अंथरा, पण खाली घसरू नये म्हणून रबरी जाळी घाला. सासूबाईंच्या वयात थंडीपेक्षा घसरण्याची भीती मोठी. त्या वाटेवर रात्री मंद दिवाही असू द्या.

गच्चीच्या वाट्याला, म्हणजे कठडा आणि स्लॅब जुळतात त्या गोलाईला, तडे गेलेत का ते आत्ता नुसतं पाहून खडूने खुणा करून ठेवा. ते काम फेब्रुवारीत काढा, तोवर स्लॅब पूर्ण वाळलेला असेल आणि भरलेला माल नीट धरेल. काम झालं की गच्चीत दोन दिवस चार बोटं पाणी साठवून खालून छत बघायचं, मगच कारागिराचे शेवटचे पैसे द्यायचे.

इलेक्ट्रिशियनला मात्र याच आठवड्यात बोलवा. दिवाळीच्या तोंडावर सगळे माळा आणि कंदिलांच्या कामात अडकतात, नंतर गावी जातात, आणि तुमची मुलगी येईल तेव्हा गीझरचं अर्थिंग तपासलेलं असायला हवं.